लाल चिखलाची गाडी: छोट्या ड्युअल-स्पोर्टवर काय लावायचं आणि कोणत्या क्रमानं

नवी ड्युअल-स्पोर्ट (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी गाडी) घेतली की बहुतेक जण आधी सायलेन्सर बदलतात, मग फॉग लाईट लावतात, मग स्टिकर. पहिल्याच पावसाळ्यात गगनबावड्याच्या अलीकडे एखाद्या पाणंदीत गाडी आडवी होते, क्लच लिव्हर मोडतो आणि गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणावी लागते. सायलेन्सर मात्र शाबूत असतो. म्हणजे क्रम उलटा झाला. आधी गाडी अंगाला बसवायची, मग पडल्यावर ती घरी येईल एवढी राखायची, मग टायर. बाकी सगळं त्यानंतर, आणि त्यातलं बरंचसं कधीच लागत नाही.

उदाहरणासाठी इथे हिरो एक्सपल्स २०० ४व्ही धरली आहे, कारण या वर्गातली ती आपल्याकडे सहज दिसणारी गाडी. १९९.६ सीसी इंजिन, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकचं चाक, ९०/९०-२१ आणि १२०/८०-१८ ट्यूबचे टायर, सस्पेन्शनची चाल पुढे १९० आणि मागे १७० मि.मी., जमिनीपासून अंतर २२० मि.मी., सीट ८२५ मि.मी. उंच, टाकी १३ लिटर, वजन सुमारे १६० किलो. तुमची गाडी दुसरी असली तरी पद्धत तीच, फक्त आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

वजनाचा हिशेब सुरुवातीलाच मनात ठेवा. जाड बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) ४ किलो, लेगगार्ड ५ किलो, लोखंडी कॅरिअर ६ किलो असं करत १५ किलो सहज चढतात. म्हणजे गाडीच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा. इंजिन तेवढंच राहतं, स्प्रिंग तेवढीच राहते, आणि चिखलात पडलेली गाडी उचलायची तुम्हालाच.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचा आणि धुराचा भाग वेगळा. कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. मोकळा सायलेन्सर लावायचा की नाही, याचं उत्तर इथेच मिळतं. तांत्रिक कारण पुढे येईलच.

हँडगार्ड, बॅश प्लेट, कॅरिअर, ग्रिप, रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) या जोडणाऱ्या आणि काढता येणाऱ्या वस्तू आहेत. चेसी कापणं, इंजिनची क्षमता बदलणं, अख्ख्या गाडीचा रंग बदलणं या गोष्टी आरटीओच्या परवानगीशिवाय करायच्या नाहीत. साडीगार्ड काढून तिथे बॅग लटकवायचा मोह होतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागच्या माणसासाठी हाताची पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचं किमान अर्धं आवरण सक्तीचं आहे. नंबर प्लेट झाकेल असं काही बांधू नका. महागाचे पार्ट लावले तर विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

एक रुपया न घालता होणारी कामं

हा भाग लोक सोडून देतात. फरक मात्र सगळ्यात जास्त इथेच पडतो.

फूटपेगवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवा, हात हँडलवर. पाठ फार वाकत असेल तर लगेच रायझर मागवू नका. हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल किंचित पुढे फिरवा आणि पुन्हा बघा. मग लिव्हर. बसून चालवताना लिव्हर आडवे बरे वाटतात, पण उभं राहिल्यावर मनगट मोडतं. उभं राहून हात सरळ धरला की बोटं जिथे जातात तिथे लिव्हर यायला हवेत. बहुतेकांना ते आहेत त्यापेक्षा थोडे खाली लागतात.

लिव्हरचे क्लॅम्प पूर्ण ताकदीनं आवळू नका. हँडलवर क्लॅम्पच्या जागी प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा आणि बोल्ट असा आवळा की चालवताना लिव्हर हलणार नाही, पण हातानं जोरात ढकलला तर फिरेल. गाडी पडली की लिव्हर फिरतो, मोडत नाही. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मि.मी. मोकळी चाल ठेवा.

गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल बूट घालूनच सेट करा. चपलेवर सेट केलेला गिअर बुटाला लागत नाही.

आता सॅग, म्हणजे तुमच्या वजनानं सस्पेन्शन किती बसतं ते. मदतीला दोघं जण आणि एक मेजरिंग टेप पुरे.

१. मागचं चाक हवेत उचला (इंजिनखाली मजबूत खोकं ठेवून). मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत मोजा. समजा ६०० मि.मी. आलं.
२. गाडी जमिनीवर घ्या. हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग असं सगळं घालून पेगवर उभे राहा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग बसा. एक जण गाडी धरेल, दुसरा मोजेल. समजा ५४० आलं.
३. फरक ६० मि.मी. मागची चाल १७० आहे. तिच्या ३० टक्के, म्हणजे ५० मि.मी.च्या आसपास सॅग हवा. गाडी जास्त बसते आहे.
४. शॉकअपचं प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) एक-दोन पायऱ्या वाढवा आणि पुन्हा मोजा.

प्रीलोड वाढवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. शेवटच्या पायरीवर नेऊनही सॅग ६० च्या वरच असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे आणि स्प्रिंगच बदलावी लागेल. गाडीवर नेहमी दोघं आणि सामान असेल तर मोजतानाही दोघं आणि सामान घ्या.

पडण्याची तयारी

हँडगार्ड दोन प्रकारचे मिळतात. एकाच टोकाला बसणारे प्लास्टिकचे वारा आणि पाऊस अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. हँडलच्या टोकाला आणि आतल्या बाजूला अशा दोन ठिकाणी बसणारे, आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेले घ्या. घेण्याआधी हँडलची जाडी कॅलिपरनं मोजा. साधं हँडल २२ मि.मी.चं असतं, मध्ये जाड असणारं २८.६ मि.मी.चं. क्लॅम्प दोन्हींचे वेगळे.

बसवताना एक चूक वारंवार होते आणि ती जीवावर बेतू शकते. उजवीकडे हँडगार्डचा टोकाचा बोल्ट हँडलच्या नळीत आत जाऊन फुगतो आणि घट्ट बसतो. तो आवळताना हँडगार्डची बाहेरची ठोकळी अ‍ॅक्सिलरेटरच्या रबरी ग्रिपला टेकते. आवळल्यावर ग्रिप घासते, सोडलं की परत येत नाही. घाटातल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय होईल, ते सांगायची गरज नाही. ग्रिपचं टोक आणि ठोकळी यांच्यात १ ते २ मि.मी. फट राहिलीच पाहिजे. फट नसेल तर ग्रिपचं बंद टोक ब्लेडनं कापा किंवा मध्ये पातळ वायसर घाला. मग इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून सोडा. टक् असा आवाज करत तो आपोआप बंद व्हायला हवा, हँडल सरळ असताना आणि डावी-उजवीकडे पूर्ण वळवूनही.

हँडल रायझर २५ ते ३० मि.मी.पर्यंत मूळ केबलवर सहसा निभतात. त्याहून उंच केले की क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइप ताणला जातो. परीक्षा सोपी. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम वाढला तर केबल ओढली जातेय. लांब बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम ८ बोल्ट किमान १२ मि.मी. आत गेला पाहिजे. चार आट्यांवर धरलेलं हँडल खड्ड्यात हातात येतं.

बॅश प्लेट ३ ते ४ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमची पुरे. दगडावर आपटून वाकली तरी तिचं काम झालं. बघायच्या गोष्टी तीन. ऑइल ड्रेन बोल्टखाली भोक आहे का, नाहीतर प्रत्येक ऑइल बदलीला प्लेट उतरवावी लागेल. प्लेट आणि इंजिन यांच्यात कमीत कमी एक बोट जागा आहे का, नाहीतर वाकलेली प्लेट थेट इंजिनवर मारते. आणि धुवायला वाट आहे का. आपल्याकडे हा तिसरा मुद्दा मोठा आहे. लाल चिखल प्लेटवर साठतो, वाळून विटेसारखा होतो आणि हवा अडवतो. ऊसतोडीच्या दिवसांत फडाकडेच्या वाटेनं गेलात तर पाचट प्लेट आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाच्या मध्ये अडकतं. तापलेल्या पाइपावर वाळलेलं पाचट पेटायला वेळ लागत नाही. फडातून बाहेर आलात की खाली वाकून बघा आणि हातमोजा घालून ओढून काढा.

ऑइल कूलरला बारीक जाळी लावा, पण फार बारीक नको. चिखलानं तिची भोकं बुजली की जाळी असून नसून सारखीच, उलट इंजिन जास्त तापतं.

उद्यमनगरचा फायदा

कोल्हापूरकरांना एक गोष्ट इतर शहरांपेक्षा सोपी आहे: लेथ. शिवाजी उद्यमनगरात, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत छोटे सुटे पार्ट करून देणारे हात भरपूर आहेत. स्पेसर, बुश, रायझर, कॅरिअरच्या पट्ट्या इथे होतात. पण "बघून करा की" असं सांगून सोडू नका. कागदावर मापं लिहून द्या, शक्य तर मूळ पार्ट नमुना म्हणून न्या, आणि धातूचं नाव सांगा. स्टीलचा स्पेसर ईएन-८ चा, अ‍ॅल्युमिनियमचा ६०६१ चा. भंगारातल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा रायझर दिसायला तसाच असतो आणि पहिल्या आपटीला तडकतो.

करून घ्यायची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे साइड स्टँडचा तळवा. मूळ स्टँडचा पाय लहान असतो, भाताच्या खाचराकडेला किंवा पावसाळ्यातल्या मऊ मातीत तो आत जातो आणि गाडी हळूहळू कलंडते. ४ मि.मी. जाडीची साधारण ६० बाय ८० मि.मी.ची पट्टी, कोपरे गोल करून, खालच्या पायाला दोन काउंटरसंक बोल्टनं किंवा वेल्डनं जोडायची. पट्टीचा पसारा गाडीच्या बाहेरच्या बाजूला जास्त ठेवा, आत नको, नाहीतर स्टँड वर घेतल्यावर ती चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) लागते. वेल्ड करताना स्टँड गाडीवरून उतरवून न्या. ते जमणार नसेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) सॉकेट काढा. वेल्डिंगच्या करंटनं ईसीयू गेला तर सगळ्या मॉडिफिकेशनपेक्षा मोठं बिल येतं. चेसीच्या मानेला किंवा मुख्य नळीला वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका, कारागीर कितीही चांगला असला तरी.

स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत घालायचे असतील तर आट्यांना कॉपर ग्रीस लावा. पावसाच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना खातात आणि वर्षभरानं बोल्ट निघत नाही, आटेच निघतात.

टायर

इथे नवखे जास्त फसतात, कारण दात मोठे म्हणजे पकड जास्त, असं वाटतं. मातीत ते खरं आहे. ओल्या डांबरावर खोटं आहे. मोठ्या गोट्यांचा टायर डांबराला फार थोड्या जागेत टेकतो, त्यामुळे आंबा घाटात किंवा करूळच्या वळणांवर पावसात ब्रेक लावला की गाडी लांबवर जाऊन थांबते. तुमचं आठवड्याचं चालवणं खरंच मोजा. कोल्हापूर ते गगनबावडा हे साधारण ५५ किलोमीटर डांबर आहे, त्यापुढची पाणंद चार-पाच किलोमीटर. एवढ्यासाठी अर्धं डांबर, अर्धी माती या प्रकारातला टायर पुरतो. गोट्यांचा टायर ज्यांचं शेत किंवा काम रोज कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी घ्यावा.

माप मूळचंच ठेवा. मागे १२० ऐवजी १३० घालून रुबाब वाढतो, पण टायर चेन आणि स्विंगआर्मच्या जवळ जातो. कुठल्याही बाजूला किमान १० मि.मी. मोकळी जागा हवी. चिखल चिकटल्यावर तीही भरते.

बसवताना टायरच्या कडेवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आहे ना, ते बघा. पंक्चरवाल्याकडे गर्दी असली की हे राहून जातं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल झाल्यावरच आत घाला, घडी पडली की तिथेच फाटते. टॉमी लावताना सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं करा आणि शेवट वॉल्व्हजवळ. शेवटचा घास घट्ट वाटला तर जोर लावू नका. समोरची कड गुडघ्यानं रिमच्या खोलगट भागात दाबा, म्हणजे इकडे सैल पडतं. साबणाचं पाणी सढळ हातानं वापरा. हवा भरल्यावर टायरच्या कडेला रिमजवळ एक बारीक रेघ दिसते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर यायला हवी.

डांबरावर हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. मातीवर १८ ते २० पीएसआय. १५ च्या खाली नको, कारण तेव्हा टायर रिमवर घसरतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल्व्ह मुळापासून उपटतो. म्हणूनच वॉल्व्हचा छोटा नट रिमला आवळून ठेवायचा नाही, वर टोपीला लावून ठेवायचा. वॉल्व्ह तिरका दिसू लागला तर ट्यूब घसरतेय हे आधीच कळतं. डांबरावर परत येताना हवा भरायला पायाचा पंप जवळ ठेवा. जागेची अडचण असेल तर एकच सुटी ट्यूब घ्या, २१ इंचाची. अडल्यावर ती मागच्या १८ इंची चाकातही घरापर्यंत चालते. १८ ची ट्यूब पुढे चालत नाही.

आणि स्पोक. बारक्या पान्यानं एकेक स्पोक वाजवा. सारखा खणखणीत आवाज येणारा ठीक, बद्द वाजणारा ढिला. तो पाव फेरा आवळा, एकदम एक फेरा नाही, नाहीतर रिम वाकडी होते.

चेन-स्प्रॉकेट

पहिल्या गिअरमध्ये चढावर क्लच सरकवावा लागत असेल तर पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान करणं हा स्वस्तातला उपाय आहे. आधी स्वतःच्या गाडीचे दात मोजा. समजा पुढे १३, मागे ४०. पुढे १२ केलं की त्याच वेगाला इंजिन ८.३ टक्के जास्त फिरतं, म्हणजे जिथे ६,००० आरपीएम होते तिथे ६,५००. पाणंदीत गाडी गोगलगायीसारखी शांतपणे चढते. हायवेवर मात्र ती पुण्यापर्यंत ओरडत जाते. रोज हायवे असेल तर हे करू नका. मागे तीन दात वाढवले तरी जवळजवळ तेवढाच परिणाम, पण त्याला चेनही लांब लागते. पुढचं लहान स्प्रॉकेट चेनला जास्त तीक्ष्ण वळवतं आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर कापतं, म्हणून ती पट्टी दर महिन्याला बघा.

चेनवरचा आकडा वाचून पार्ट घ्या. ४२८ चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मि.मी., ५२० चं १५.८७५. एकाचं स्प्रॉकेट दुसऱ्याला बसत नाही. नव्या चेनला जुनं स्प्रॉकेट घालून पैसे वाचत नाहीत, दोन्ही एकदम खराब होतात.

लांब चालीच्या गाडीला चेनचा ढिलेपणा महत्त्वाचा. चाक वर-खाली होताना चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचं अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. दोन जाडजूड मित्रांना मागे बसवा, तिन्ही मध्य एका रेषेत येऊ द्या आणि तेव्हा चेन दाबून बघा. त्या अवस्थेतही तिला १० मि.मी. तरी खेळ हवा. स्टँडवर छान ताठ दिसणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते. जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेला ठेवा. ओ-रिंगची चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरनं धुवा, पेट्रोलनं नाही. रिंगा कडक होतात.

लाईट आणि वायरिंग

नोव्हेंबर ते मार्च रात्री गाडी चालवणाऱ्याला जादा लाईट का हव्यात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. टेल लाईट नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक. अशा वेळी पिवळा, पसरट प्रकाश देणारे, खाली लावलेले दिवे उपयोगी. निळे, लाल आणि मिचमिचणारे लावायचे नाहीत.

प्रत्येकी २० वॉटचे दोन एलईडी दिवे म्हणजे ४० वॉट, सुमारे सव्वातीन अ‍ॅम्पिअर. फ्यूज ५ अ‍ॅम्पिअरचा. तो बॅटरीच्या धन टोकापासून १५ ते २० सें.मी.च्या आत. दिव्याजवळ लावलेला फ्यूज कुचकामी, कारण वायर सोलली जाते ती मधेच. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचं (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) ३० नंबरचं टोक, ८७ वरून दिव्यांना. ८६ ला स्विचमधून पार्किंग किंवा टेल लाईटचा करंट, ८५ अर्थिंगला. म्हणजे चावी बंद केली की दिवे आपोआप बंद. दिव्यांची अर्थिंग चेसीच्या रंगावर न लावता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्या. वायर १.५ चौरस मि.मी.ची पुरते.

मूळ हार्नेसची वायर सोलून त्यावर नवी पिळून, टेप गुंडाळून देणारे बरेच भेटतात. त्या जोडाला पहिल्याच जूनमध्ये हिरवी बुरशी चढते. वॉटरप्रूफ कपलर, क्रिंप आणि हीट श्रिंक यांचाच आग्रह धरा. हँडलच्या मानेजवळ वायर सैल सोडा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कपलरच्या आधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, कपलरमध्ये जात नाही.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटर बॅटरीवर लावा. चावी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन ३,००० आरपीएमवर आणि सगळे दिवे चालू असताना १३.८ ते १४.४. तेव्हा १३.२ च्या खाली जात असेल तर गाडी बनवते त्यापेक्षा तुम्ही जास्त खाताय. दिवे कमी करा. मोबाइल चार्जरही चावीवरच घ्या. थेट बॅटरीवर लावलेला चार्जर मोबाइल नसतानाही थोडा करंट खात राहतो आणि पंधरा दिवसांनी गाडी सेल्फ घेत नाही.

उंची वाढवण्याचा नाद

एक्सपल्सच्याच प्रो आवृत्तीत चाल पुढे २५० आणि मागे २२० मि.मी. आहे, जमिनीपासून अंतर २७० आणि सीट ८९१ मि.मी. ही ६६ मि.मी.ची वाढ कागदावर किरकोळ वाटते. पाच फूट सहा इंचाच्या माणसाला तीच गाडी उतारावर थांबवताना पाय टेकत नाही. आधी कुणाच्या तरी गाडीवर बसून बघा.

फक्त मागचा भाग उचलणारे स्वस्त तुकडे मिळतात. ते टाळा. मागचं उचललं की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, सरळ रेषेत गाडी चंचल होते आणि ब्रेकला तोंड खाली घालते. उचलायचीच असेल तर दोन्हीकडून, आणि सोबत लांब साइड स्टँडही हवा, नाहीतर गाडी जास्त कलते. हेडलाईट पुन्हा सेट करा. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करून वर बसा. लो बीमची वरची कड हेडलाईटच्या मध्यापेक्षा ५ ते १० सें.मी. खाली पडली पाहिजे.

फोर्क मऊ वाटला म्हणून नुसतं जाड ऑइल घालणं हा अर्धवट उपाय. ऑइलनं फोर्कची हालचाल मंद होते, स्प्रिंग बदलत नाही. लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क परत वर येईपर्यंत पुढचा खड्डा येतो. फोर्कमधून ऑइल झिरपू लागलं तर लगेच सील बदलायला धावू नका. बऱ्याचदा सीलच्या ओठात चिखलाचा कण अडकलेला असतो. वरची धूळटोपी सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून सीलच्या आत हळूच घाला आणि नळीभोवती फिरवून ओढा. कचरा बाहेर येतो आणि अनेकदा गळती थांबते. रबरी गेटर (फोर्कवरचं घड्यांचं आवरण) लावले तर हे काम वर्षातून एखाद्या वेळीच करावं लागतं. मात्र झिरपलेलं ऑइल ब्रेक डिस्कवर गेलं असेल तर आधी गाडी थांबवा.

सामान, सायलेन्सर, पाणी

सामान मऊ बॅगांमध्ये, खाली आणि शक्य तितकं पुढे. मागच्या रॅकवर ५ किलोच्या वर नको. तिथला भार तरफेसारखा सबफ्रेमवर (सीटखालच्या मागच्या सांगाड्यावर) येतो आणि वेल्डजवळ तडा जातो. सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेला पत्र्याचं आवरण द्या.

सायलेन्सरचं तांत्रिक कारण आता. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू मूळ सायलेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. मोकळा पाइप लावला की मिश्रण बिघडतं, ॲक्सिलरेटर सोडताना फटाके वाजतात, खालच्या आरपीएमची ओढ कमी होते. पाणंदीत नेमकी तीच लागते.

एअर फिल्टर बॉक्सच्या तळाशी पाणी निघायची छोटी नळी असते, ती चिखलानं बुजू देऊ नका. पाण्यात अ‍ॅक्सलच्या उंचीपर्यंत जायचं, त्यापुढे नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर कुठलाही पार्ट तुम्हाला पलीकडे नेणार नाही. गाडी वळवा.

लावल्यानंतर

एम ६ बोल्ट ९ ते १० न्यूटन मीटर, एम ८ साधारण २२ ते २५. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत थोडं कमी. कंपन असलेल्या जागी निळा थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब, लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करनं एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या भागावर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.

पहिली चाचणी पन्हाळ्यापर्यंत घ्या. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर, घाट, वळणं आणि घराजवळ. परत आल्यावर सगळ्या रेघा बघा. मग २०० किलोमीटरला, मग ५०० ला. नव्या टायरवर पहिले १५० किलोमीटर जोरात वाकवू नका.

लाल चिखलातून आल्यावर गाडी त्याच दिवशी धुवा, पण प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर आणि कपलरवर रोखून नाही. बादली आणि पाइपानं चिखल भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रशनं. ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिना दोन महिन्यांनी काढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. पिना अडकल्या की ब्रेक घासतच राहतो, आणि जांभ्या मातीत पॅड एकाच पावसाळ्यात पत्र्याला येतात.